भाठ्याचं देणं

ज्येष्ठ संपत आला होता आणि पावसाचे नुसते शिंतोडे झाले होते. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातल्या एका गावाच्या माळावर एक लाल गाय मान खाली घालून काहीतरी चघळत उभी होती. जवळ गेल्यावर दिसलं, तिच्या तोंडात हाडाचा तुकडा होता. तो ती दाढेखाली घ्यायची, फिरवायची, लाळ गळायची, तुकडा खाली पडायचा आणि ती तो पुन्हा उचलायची. गुराखी काठीवर हनुवटी टेकून बघत होता. इकडे त्याला पहटिया म्हणतात. उपाशी आहे का, असं मी विचारलं. "भुखाय नइ हे," तो म्हणाला, "पेट भरे हे, फेर हाड़ा खोजथे." पोट भरलंय, तरी हाड शोधते.

संपादकांनी या अंकासाठी 'भूक' हा विषय कळवला, तेव्हापासून माझ्या मनात गुरांची भूक होती. चारा नसल्याची नव्हे, चारा खाऊनही उरणारी. ती बघायला दुर्गला यायचं एक सोपं कारण म्हणजे नागपूरहून हावड्याकडची गाडी धरली की चार तासांत माणूस इथे पोचतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गुरं, शेण आणि चराई यांचा सरकारी पातळीवर इतका मोठा खटाटोप अलीकडच्या काळात छत्तीसगडइतका क्वचितच कुठे झाला असेल. शिवाय इथल्याच अंजोऱ्यात, महामार्गाला लागून, 2012 साली स्थापन झालेलं कामधेनू विद्यापीठ आहे. आणि पलीकडे भिलाईच्या कारखान्याची धुराडी आहेत. त्यांचाही या गोष्टीशी संबंध आहे, तो पुढे येईल.

हाड चघळणारी गाय महाराष्ट्रातही सगळ्यांनी पाहिलेली असते. चिंध्या, चपला, माती, भिंतीचा पोपडा, दोरखंड, जे मिळेल ते ती तोंडात घेते. तिला खोड लागली, असं म्हणून आपण हाकलतो. या खोडीमागे बहुतेकदा स्फुरदाची कमतरता असते. जनावराच्या अंगातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्फुरद हाडांत साठवलेलं असतं. चाऱ्यातून पुरेसं मिळेनासं झालं की शरीर ते हाडांतून काढतं. गाय गाभण राहत नाही, राहिली तर वासरू किरकोळ होतं, व्याल्यावर दूध लवकर आटतं. आणि ज्यात स्फुरद आहे असं काहीतरी ती माळभर हुंगत फिरते.

दक्षिण आफ्रिकेत पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत आर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाने याचा छडा लावला. व्रायबर्गजवळच्या कोरड्या कुरणांवर गुरं अचानक लुळी पडून मरत होती. मेलेल्या जनावरांची कुजकी हाडं चघळल्यामुळे त्यांना जिवाणूंच्या विषाची बाधा होत होती, आणि हाडं ती चघळत होती ती गवतात स्फुरद नव्हतं म्हणून. थायलरने गुरांना रोज हाडांची भुकटी चारली. हाडं शोधणं थांबलं, मरणं थांबलं, कालवडी भरू लागल्या. रोग जनावरात दिसत होता आणि त्याचं मूळ जमिनीत होतं.

गावातली सगळ्यात गरीब जमीन

दुर्गच्या शेतकऱ्याला जमिनीचे चार प्रकार तोंडपाठ असतात. कन्हार म्हणजे आपली काळी भारी जमीन. मटासी पिवळसर, भाताची. डोरसा या दोन्हींच्या मधली. आणि भाठा म्हणजे लाल मुरमाड माळ. पावसाचं पाणी भाठ्यावर टिकत नाही, नांगर लागत नाही, खडे पायाला टोचतात. गाव वसताना कन्हार, डोरसा आणि मटासीवर शेतं पडली. शेती होत नाही असा भाठा गुरांच्या वाट्याला आला. जुन्या मध्यप्रांताच्या निस्तार पत्रकांत, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या नोंदींत, गावची चराई बहुतेक ठिकाणी अशाच तुकड्यांवर लिहिलेली आहे. आपल्या भंडारा-चंद्रपूरकडे झुडपी जंगल म्हणून जी जमीन गुरांसाठी सुटली, तिचीही कथा वेगळी नाही. चरायला काय उरलं, हे नेहमी नांगराने ठरवलं.

हे समजून घेतल्याशिवाय त्या लाल गाईचं हाड समजत नाही. भाठ्याचा लाल रंग लोहाचा आहे. अशा आम्लधर्मी, लोह आणि ॲल्युमिनियम भरलेल्या मातीत स्फुरद थोडंच असतं आणि जे असतं तेही या धातूंशी घट्ट बांधलं जातं. मुळांना ते सुटं मिळत नाही. नत्र किंवा पालाश पाण्याबरोबर थोडंफार सरकतं. स्फुरद जागचं हलत नाही, मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. मुळं उथळ असली तर गवताला स्फुरद मिळत नाही, आणि गवताला मिळालं नाही तर गाईला मिळणार कुठून?

पहटियाच्या परवानगीने मी गवताचा एक ठोंब उपटला. वर बोटाच्या पेराएवढी हिरवी पाती, चावून चावून सपाट झालेली. खाली मुळांचा झुपका, तोही वीतभर नव्हता. दहा पावलांवर कोणाच्या तरी खासगी कुंपणाआड त्याच मुरमावर गुडघ्याएवढं गवत होतं. तिथला ठोंब उपटायला गेले तर पात्या हातात आल्या आणि मुळं जमिनीतच राहिली. माती तीच, पाऊस तोच. फरक एवढाच की कुंपणाआडच्या गवताला वाढायला उसंत मिळाली होती.

पावसाळ्यातली दाटी

किती गुरं चरली, यापेक्षा ती कधी चरली हे अधिक महत्त्वाचं, असं चराईवर काम करणारे सांगतात. दुर्गमध्ये ते डोळ्यांसमोर दिसतं.

पेरणी झाली की गावात रोका-छेका लागतो. गुरं शेतात जाणार नाहीत असा हा सगळ्या गावाचा ठराव. प्रथा जुनी आहे आणि 2020 च्या जूनमध्ये सरकारनेही तिला आपल्या कार्यक्रमात घेतलं. धान वाचवायला तो हवाच. पण आषाढापासून कार्तिकापर्यंत सगळी शेतं बंद झाली की गावची सगळी गुरं, ज्यांना मिळून इथे बरदी म्हणतात, भाठ्यावर येतात. म्हणजे ज्या दिवसांत गवताचं बी रुजतं, जुने ठोंब फुटतात, पानं मुळांना अन्न पुरवू लागतात, नेमक्या त्याच दिवसांत माळावर सर्वाधिक तोंडं असतात. धान कापून झालं की गुरं शेतांच्या खुंटांवर सुटतात आणि भाठा मोकळा होतो. पण तोवर गवताचा हंगाम सरलेला असतो. माळाला विसावा मिळतो तो अशा वेळी, जेव्हा त्याचा काही उपयोग नसतो.

गवत चरून घेण्यासाठीच बनलेलं आहे. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, वरचं पान गेलं तरी पुन्हा फुटतं. मात्र प्रत्येक फुटव्यासाठी ते मुळांतला साठा वापरतं आणि तो भरून यायला काही आठवडे लागतात. त्याआधीच दुसरा घास गेला की मुळं आखडतात. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली देशातल्या गवताळ प्रदेशांचं जे मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, त्यात दख्खनपासून इकडपर्यंतचा टापू शेडा आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतो. दोन्ही रसाळ, गुरांना प्रिय. चराईचा ताण वाढला की आधी ती जातात आणि कुसळी गवत पसरतं. आणखी ताण आला की कुसळीही विरळ होते, वर्षभराची बारकी गवतं उरतात, आणि शेवटी टाकळा. इकडे टाकळ्याला चरोटा म्हणतात. पावसाच्या पहिल्या आठवड्यात बायका त्याची कोवळी भाजी खुडून नेतात. गाय त्याला तोंड लावत नाही. जिथे चरोटा दाट, तिथे चराई संपलेली आहे असं खुशाल समजावं. पावसाने जोर धरल्यावर पुन्हा आले तेव्हा त्या माळाचा निम्म्याहून जास्त भाग चरोट्याने हिरवागार झाला होता. दुरून बघणाऱ्याला वाटावं, काय छान कुरण आहे.

गवत आखूड झालं की आणखी एक गोष्ट होते. गाय जमिनीलगत जीभ फिरवते आणि घासाबरोबर माती पोटात जाते. ही माती लोहाची. जास्तीचं लोह पोटात गेलं की तांबं अंगी लागत नाही. तांबं कमी पडलेल्या गाईचा रंग विटतो, लाल अंग भुरकट होतं, डोळ्यांभोवती फिकट कडं दिसतं, माज चुकतो. बरदीत अशा कितीतरी गाई दिसल्या. पहटियाला त्या म्हाताऱ्या वाटत होत्या. दात बघितले तर वय तेवढं नव्हतं.

या गाई कोसली. दुर्ग, रायपूर, बिलासपूर या मैदानी भागाची ही लहान चणीची जात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. दूध बेताचं, पण ऊन आणि चिखल सोसणारी, बैल भातशेतीला चपळ. कमी दूध देते म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी तिला कोणत्या माळावर उभं केलंय ते आधी बघावं, असं मला मनापासून वाटतं.

शेण कुठे जातं

विदर्भात गावाबाहेर गुरं जमण्याच्या जागेला आखर म्हणतात, इकडे दैहान. सकाळी घरोघरची गुरं तिथे सोडायची, पहटिया मोजून घेणार, मग माळावर. संध्याकाळी परत. दैहानाची माती खोऱ्याने उकरली तर काळी, भुसभुशीत निघते. भाठ्यापासून हाकेच्या अंतरावर ही काळी माती कोणी आणून टाकलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुरांनी माळावरून पोटात घालून आणली आणि इथे टाकली.

जनावर जे नत्र खातं त्यातलं बरंचसं मुतात जातं, पालाशही मुतात. स्फुरद मात्र जवळजवळ सगळं शेणात येतं. आणि शेण गाय चरते तिथे कमी, बसते तिथे जास्त टाकते. म्हणजे दिवसभर माळावर विखुरलेलं स्फुरद तोंडाने गोळा करायचं आणि संध्याकाळी दैहानात किंवा कोठ्यात आणून टाकायचं, असं हे काम रोज चालू असतं.

पुढचं गणित मी तिथेच वहीत मांडलं. लहान चणीची गाय दिवसाला आठेक किलो ओलं शेण टाकते. ताज्या शेणात स्फुरद एक ते दोन दशांश टक्के धरतात. मधला आकडा घेतला तर दिवसाला बारा ग्रॅम, वर्षाला चार किलोंच्या वर. सिंगल सुपर फॉस्फेटच्या हिशेबात ते पन्नास किलोंच्या अर्ध्या पोत्याहून थोडं जास्त. तीनशे गुरांच्या बरदीचं मिळून दीडशेहून अधिक पोती. यातलं सगळं काही भाठ्याचं नाही, पेंढ्यातून शेताचंही आहे. एक तृतीयांश माळाचं धरलं तरी दरवर्षी पन्नासेक पोत्यांचं स्फुरद त्या गरीब माळावरून उचललं जातं. त्या बदल्यात माळावर एक मूठही कोणी टाकत नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं, भाठ्याला कधी खत घातलंय का, त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. परसातल्या बारीला घालतात, धानाला घालतात, भाठ्याला कोण घालेल?

कोठ्यातलं शेण घुरव्यात, म्हणजे उकिरड्यात, आणि तिथून धानाच्या शेतात जातं. उरलेल्याच्या गोवऱ्या होतात, त्यांना इथे छेना म्हणतात. गोवरी जळली की नत्र धुरात जातं आणि स्फुरद राखेत राहतं. राखेने भांडी घासली जातात आणि ते मोरीवाटे नालीत जातं. माळावर पडलेल्या शेणाच्या पोहोट्याही टोपलीत उचलल्या जातात. कोरड्या दिवसांत सकाळी माळावर बायका-पोरं याच कामाला येतात.

मग शेणाला भाव आला. 2019 पासून राज्यात नरवा, गरुवा, घुरवा, बारी म्हणजे ओढा, गुरं, उकिरडा आणि परसबाग अशी चार अंगांची योजना सुरू झाली. गावोगाव गोठाण, म्हणजे गुरांना दिवसा ठेवायची आवारं, बांधले गेले. 20 जुलै 2020 ला, हरेलीच्या सणादिवशी, गोधन न्याय योजनेत दोन रुपये किलोने शेणखरेदी सुरू झाली. त्याचं गांडूळखत करून दहा रुपये किलोने सोसायट्यांमार्फत शेतकऱ्यांना विकलं जाई. या योजनेवर राजकारण भरपूर झालं. ते बाजूला ठेवून सांगते, भूमिहीन बायकांच्या आणि पहटियांच्या हातात यातून रोख पैसा आला. ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं, त्याला दर मिळाला. एक बाई मला म्हणाली, त्या पैशांतून तिने मुलीला सायकल घेतली. ती सायकल दाराशी उभी होती.

पण जमिनीच्या बाजूने बघितलं तर भाव आल्यावर माळावरचं उरलंसुरलं शेणही उचललं गेलं. गांडूळखत शेतात गेलं, बारीत गेलं. भाठ्यावर परत गेलेलं एकही टोपलं मला कोणी सांगितलं नाही. डिसेंबर 2023 मध्ये सरकार बदललं, खरेदी थांबली. मी पाहिलेल्या गोठाणात खताच्या टाक्यांमध्ये पावसाचं पाणी साचलं होतं, एका टाक्यात बेशरमची झाडं उगवली होती. शेण पुन्हा छेन्याकडे वळलं आहे.

पेंढा, कोंडा आणि मीठ

भिलाईत मराठी घरं बरीच. त्यातल्या एका काकांकडे मी मुक्कामाला होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरी कारखान्यात, निवृत्तीनंतर शहराच्या कडेला जागा घेऊन चार गाई आणि एक म्हैस पाळली. पहाटे पाचला त्यांच्या मागे गोठ्यात गेले. दावणीत भाताचा पेंढा, इथला पैरा, पसरून त्यांनी एका डब्यातून करड्या रंगाची भुकटी मापाने काढली आणि भिजवलेल्या कोंड्यात कालवली.

"रोज पन्नास ग्रॅम. आधी दोन वर्षं गाई उलटायच्या, डॉक्टर सुया मारून थकले. मग ही सुरू केली," काका म्हणाले.

"आता राहतात का गाभण?"

"तिघी राहिल्या. चौथीचं म्हणशील तर तिचं वयच झालंय, बाई."

ती भुकटी खनिज मिश्रणाची. चांगल्या मिश्रणात कॅल्शियम वीसेक टक्के आणि स्फुरद बारा टक्क्यांच्या आसपास असतं, शिवाय तांबं, जस्त, आयोडीन, कोबाल्ट. कोणत्या जिल्ह्यात काय कमी आहे हे चारा आणि रक्त तपासून ठरवायचं आणि त्या भागापुरतं मिश्रण बनवायचं, अशी पद्धत आता देशात रुळते आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने आणि आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने यात बरंच काम केलं आहे. काही शेतकरी पैसे वाचवायला खताचं सुपर फॉस्फेटच दाण्यात मिसळतात. तसं अजिबात करू नये. त्यात फ्लोरिन असतं, ते दातांत आणि हाडांत बसतं आणि जनावर लंगडं होतं.

पैऱ्याची अडचण निराळी. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं अगदी कमी, वाळूसारखी सिलिका भरपूर, आणि ऑक्झॅलेट असतं. ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. पेंढ्यात कॅल्शियम दिसायला असतं, पण अंगी लागत नाही. नुसत्या पेंढ्यावर असलेली गाय कॅल्शियम आणि स्फुरद दोन्हींत तोट्यात जाते. आणि तो पेंढाही आता पुरत नाही. हार्वेस्टरने कापणी झाली की पेंढा शेतात पसरून पडतो, गोळा करायची मजुरी परवडत नाही, म्हणून काडी लावतात. मधल्या काळात सरकारने पैरादानाचं आवाहन केलं, गोठाणांत गंजी लागल्या. यंदा एका रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंची शेतं करपलेली दिसली आणि पुढच्या वळणावर डांबरावर बसलेली चाळीसेक गुरं.

या सगळ्यात सर्वांत जवळचा स्फुरदाचा साठा कोणाच्या नजरेत येत नाही. तो भाताचा कोंडा. छत्तीसगड धानाचा कटोरा. तांदूळ पांढरा करताना दाण्यातलं बहुतेक स्फुरद कोंड्यात उतरतं, एक टक्क्याहूनही जास्त. माणसाला किंवा कोंबडीला ते नीट पचत नाही, पण गाईच्या पोटातले जिवाणू ते सोडवतात. गाव शेतात खत घालतं, धानात स्फुरद जातं, धान गिरणीत जातं, कोंडा तेलाच्या कारखान्यात जातो आणि तेल काढलेला कोंडा ट्रकने लांबच्या गोठ्यांकडे. काकांच्या दूधवाल्या जनावरांना तो विकत मिळतो. भाठ्यावरच्या कोसलीला हंगामात अर्धा किलो कोंडा रोज मिळाला तर तिची हाडाची ओढ बरीच कमी होईल, असं अनुभवी पशुवैद्यक सांगतात. घरचंच धान गावच्या गिरणीत कांडलं तर कोंडा गावात राहतो, एवढी साधी गोष्ट आहे ही.

हरेलीला मी मुद्दाम थांबले. आपल्याकडे जी आषाढी अमावास्या, तीच यांची हरेली. नांगर, कुदळी धुऊन पूजा होते, गुरं राखणारे राउत घरोघरी कडुलिंबाच्या डहाळ्या दारावर खोचतात. गोठ्यात त्या सकाळी गुरांना कणकेचा मीठ घातलेला गोळा खम्हारच्या म्हणजे शिवणीच्या पानात गुंडाळून चारतात, त्याला लोंदी म्हणतात. एक पोरगा गोळा पुढे करत होता आणि गाय पानासकट त्याचं मनगट चाटत होती. समुद्रापासून इतक्या दूर गवतात सोडियम कमीच असतं. रेल्वे येण्याआधी मीठ इथे बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून यायचं आणि त्या बदल्यात धान्य जायचं. अशा मुलखात पावसाळ्याच्या तोंडाशी गुरांना मीठ चारण्याची रीत ज्यांनी घातली, त्यांनी जनावर नीट पाहिलं होतं. मात्र वर्षातून एक सकाळ पुरत नाही. कोठ्यात मिठाचा खडा बांधलेला मला फार थोड्या घरांत दिसला.

पोलादाची राख आणि मेंढीचं वजन

काकांच्या घराच्या गच्चीवरून रात्री भिलाईची भट्टी ओतताना आभाळ तांबडं होतं. 4 फेब्रुवारी 1959 ला डॉ. राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज इथे येतं आणि पोलादाबरोबर स्लॅगचे, म्हणजे भट्टीतल्या मळीचे, ढीग निघतात. झोतभट्टीचा स्लॅग जामुलसारख्या ठिकाणी सिमेंटमध्ये जातो. पोलादाच्या भट्टीचा स्लॅग वेगळा, तो बराच पडून राहतो.

कुरणाला खत घालण्याच्या इतिहासात या स्लॅगला मानाचं पान आहे. 1870 च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या इंग्रजाने भट्टीला चुनखडीचं अस्तर लावून लोखंडातलं स्फुरद बाहेर काढण्याची रीत शोधली. ते स्फुरद स्लॅगमध्ये उतरलं. पुढे नॉर्थम्बरलंडमधल्या कॉकल पार्क इथे विल्यम सॉमरव्हिल यांनी 1890 च्या दशकात गरीब चिकणमातीच्या कुरणावर हा दळलेला स्लॅग पसरला. बी टाकलं नाही, नांगर घातला नाही. जमिनीत दबून असलेलं रानटी पांढरं क्लोव्हर स्फुरद मिळताच पसरलं, त्याने हवेतलं नत्र जमिनीत आणलं, मग गवत सुधारलं. सॉमरव्हिल यांनी यश मोजलं ते मेंढ्यांच्या वजनावर. मला या प्रयोगातली हीच बाब सर्वांत मोलाची वाटते. कुरण किती हिरवं दिसलं, हे त्यांनी विचारलं नाही. जनावराच्या अंगाला काय लागलं, ते काट्यावर घातलं.

मग भिलाईचा स्लॅग भाठ्यावर टाकावा का? सरळ नाही. थॉमसच्या स्लॅगमध्ये स्फुरद पंधरा टक्क्यांच्या पुढे असायचं. इथल्या स्लॅगमध्ये ते दोन-तीन टक्क्यांच्या आतच आहे, बाकी मुख्यतः चुना. आम्ल माती सुधारायला तो चुना कामाचा आहे, पण सोबत क्रोमियम, व्हॅनेडियमसारखे जड धातूही येतात. जिथे गाय जिभेने माती चाटते, तिथे तपासल्याशिवाय काही टाकायचं नाही. भाठ्यासाठी रॉक फॉस्फेट बरं. आम्ल जमिनीत ते हळूहळू सुटतं आणि आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशातही त्याच्या खाणी आहेत.

खत म्हणजे सगळं हिरवं करणारा युरिया, हा समज इथेही घट्ट आहे. गोठाणाच्या चारावाडीत लावलेल्या नेपियरला युरियाचा मारा केलेला मी पाहिला. नेपियर फोफावतं, पण जास्त नत्र दिलेल्या कोवळ्या नेपियरमध्ये नायट्रेट साचतं, जनावर धापा टाकत मरू शकतं. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर कुरणांना नत्र आणि पालाश भरभरून दिलं तेव्हा गवतात मॅग्नेशियम अंगी लागेनासं झालं, दुभत्या गाई झटके येऊन पडू लागल्या. न्यूझीलंडच्या ज्वालामुखी राखेच्या कुरणांवर गुरं भरपूर गवत खाऊनही खंगत होती. तिथे कोबाल्ट कमी निघालं, ते सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून पसरलं आणि गुरं सुधारली. प्रत्येक जमिनीचं दुखणं वेगळं असतं. भाठ्याला युरियाची नाही, स्फुरदाची आणि विसाव्याची गरज आहे. त्या मुरमात रानमेथीचे बारके वेल मी ठिकठिकाणी पाहिले, आखूड आणि पिवळे. स्फुरद मिळालं तर तेच पसरतील. स्टायलोसारखं कडधान्यवर्गी चाऱ्याचं पीकही अशा मातीत तग धरतं, झांशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेने ते वर्षानुवर्षं सांगितलं आहे.

तिसरा हिस्सा

हरेलीच्या संध्याकाळी चौकातल्या पारावर सरपंचबाई, दोन-तीन जाणते शेतकरी आणि पहटिया बसले होते. अंजोऱ्याहून एक तरुण पशुवैद्यक आले होते. भाठ्याचे तीन हिस्से करायचे, दरवर्षी एक हिस्सा आषाढ ते आश्विन बंद ठेवायचा, बी पडू द्यायचं, मग कापून चारायचं, असं त्यांचं म्हणणं. बंद हिस्स्यावर आधी रॉक फॉस्फेट आणि घुरव्यातलं खत. त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. बंदी उठल्यावर, हिवाळ्यात, दैहान काही रात्री त्या हिस्स्यावर हलवायचं, म्हणजे गुरंच खत टाकतील.

मी आपल्याकडच्या धनगरांचं सांगितलं, शेतकरी पैसे नाहीतर धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवून घेतात. एक म्हातारे लगेच म्हणाले, कच्छकडचे उंट-मेंढ्यांवाले इकडे येतात, त्यांनाही आम्ही शेतात बसवतो. फक्त माळावर कोणी बसवलं नाही.

हिवरे बाजार, राळेगणची चराईबंदी त्यांनी ऐकली होती. पण एका शेतकऱ्याचा आक्षेप योग्य होता. तिथे गुरं बांधून चारायची सोय असलेले शेतकरी होते. इथे ज्याची एकच गाय आहे आणि जमीन नाही, त्याने काय करायचं? भाठा बंद म्हणजे त्याची गाय उपाशी. म्हणून सगळा नाही, तिसराच हिस्सा बंद करायचा आणि कापलेल्या गवतात पहिला वाटा भूमिहीनांचा, असं सरपंचबाईंनी सुचवलं. त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

मग कोणता हिस्सा, यावर बराच वेळ गेला. तळ्याकडचा सपाट होता, सगळ्यांना तोच सोयीचा वाटत होता. पहटिया इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, तळ्याकडचा बंद केलात तर बरदी पाण्याला कुठून नेऊ? पश्चिमेकडचा उताराचा करा, तिथे तसंही चरोटाच आहे, गमावण्यासारखं काही नाही. त्याचं पटलं. रॉक फॉस्फेटची पोती पुढच्या ज्येष्ठाआधी आणायची ठरली, पंचायतीच्या कोणत्या पैशातून ते सचिवाने बघायचं.

राखणीचा प्रश्न मात्र राहिला. बंद हिस्स्यात रात्री कोणाची गुरं शिरली तर दोष माझ्यावर येणार, असं पहटिया म्हणाला. गुरं चारायचं धान मला मिळतं, माळ राखायचं मिळत नाही. त्याला वेगळं धान हवं होतं, घरटी दोन काठा (काठा हे इकडचं धान्याचं माप). घरटी एकच काठा द्यावा, असं समोरच्यांचं म्हणणं. मी उठले तेव्हा त्याच दोन आकड्यांवर बोलणं चाललं होतं.